बुधवारच्या बाजारापर्यंत

वानरांची टोळी गच्चीवर उतरली, तेव्हा रागिणी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन जिन्याच्या सावलीत पुस्तक वाचत बसली होती. तिला राखणीला बसवून माया मावशी खाली आंघोळीला गेली होती. समोर जुन्या साड्यांवर मावशीच्या कुरड्या वाळत होत्या... पांढऱ्याशुभ्र, पहाटे उठून चीक शिजवून घातलेल्या. रागिणीने सहज मान वर केली, तर कठड्यावर एक भला थोरला हुप्प्या बसून तिच्याकडे शांतपणे बघत होता. त्याच्या मागे त्याचं सगळं गोत.

बाजूला काठी होती, पण ती उचलायची तिला सुचलंच नाही.

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर कुणीतरी थाळी बडवली. निळ्या टी-शर्टातला एक उंच तरुण मधला कठडा ओलांडून थेट इकडे उडी मारून आला आणि हुर्रर्र करत वानरांच्या अंगावर धावला. वानरं गेली. जाता जाता एकाने दोन कुरड्या उचलल्याच. तरुण दम घेत थांबला, खाली पाहिलं... त्याचा उजवा पाय साडीच्या मधोमध होता आणि पायाखाली कुरड्यांचा चुरा झाला होता.

"वानरांनी दोन नेल्या," रागिणी म्हणाली. "तुम्ही दहा मोडल्या."

"आता पाय उचलू... का असाच राहू?"

"उचला. पण हळू."

त्याने एखाद्या झोपलेल्या लेकराजवळून उठावं तसा पाय उचलला. "मावशीले सांगजा, वानरांनंच केलं सारं."

"खोटं सांगू?"

"मंग खरं सांगा. फक्त माझं नाव ललित आहे, एवढं नका सांगू."

रागिणीला हसू आलं. आपण हसलो, हे तिला हसून झाल्यावर समजलं, आणि तिने एकदम पुस्तकात मान घातली. ललितच्या ते लक्षात आलं असावं. तो खाली बसला आणि मोडलेल्या कुरड्या एका बाजूला गोळा करू लागला.

रागिणी अमरावतीची. पुण्यातल्या एका कंपनीचं काम ती चार वर्षं घरूनच करत होती. घराची मागची खोली हेच तिचं ऑफिस. वडील धर्मपाल वीज मंडळातून निवृत्त झालेले, आणि घर सगळं आईच्या हातात. सकाळी अकराच्या सुमारास आई चहा घेऊन यायची. मीटिंग चालू असली तर आपण कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून भिंतीला चिकटून चालायची आणि टेबलाच्या कोपऱ्यावर अलगद कप ठेवायची. स्क्रीनवर फक्त तिचा हात दिसायचा, हिरव्या बांगड्या भरलेला. पुण्यातली, बंगळुरूची माणसं त्या हाताला ओळखायची. म्हणायची, रागिणी, चहा आला बघ.

ऐन थंडीत आई गेली. तापाचं निमित्त झालं आणि हां हां म्हणता सगळं आटोपलं. विधी झाले, पाहुणे पांगले आणि रागिणी परत कामाला बसली. सगळे म्हणाले, कामात मन रमेल. रमल्यासारखं झालंही. वडील पुढच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून चित्रं बघत बसायचे, ती मागच्या खोलीत. मधल्या स्वयंपाकघरात कुणीच नसायचं. मग एप्रिलमध्ये एका मीटिंगमध्ये कुणीतरी अगदी भल्या मनाने विचारलं, "बरेच दिवस झाले, चहाचा हात दिसला नाही?" रागिणीने टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिने लॅपटॉपचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी तिने उन्हाळाभराची रजा मागितली.

"जाय मावशीकडे," वडील एवढंच म्हणाले. "मी राहतो."

अशी ती अकोल्याला आली होती, मोर्णा नदीच्या पलीकडच्या जुन्या शहरात. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की एका घरात फोडणी दिली की तीन घरांत ठसका लागायचा.

ललित हा शेजारच्या मनकर्णा काकूंचा मुलगा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईकडे आलेला. संध्याकाळी तापलेल्या गच्चीवर पाणी मारायला दोन्ही घरांची माणसं वर यायची, तेव्हा कठड्याच्या अलीकडून-पलीकडून बोलणं व्हायचं. आधी वानरांवर, मग नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार यावर, आणि मग... कशावरही.

"तुमी काय करता?" त्याने एकदा विचारलं.

"घरून काम करते. रिमोट."

"मी बी रिमोटच."

"तुम्ही? तुम्ही तर शिक्षक आहात म्हणे."

"हाव. मेळघाटात. रस्ता संपते, मंग पायवाट लागते, मंग नाला लागते, मंग शाळा." तो हसला. "तुमचं रिमोट म्हणजे घरात बसून जगाशी बोलणं. मी जिथं असतो तिथं फोन बी लागत नाही. खरं रिमोट कोणाचं, सांगा."

"करमतं तिथं?"

"पह्यल्या वर्षी नाही करमलं. पोट्टे कोरकू बोलत, मी वऱ्हाडी. ते मले हसत, मी त्याइले. आता मले त्याइची भाषा येते थोडी... आणि ते माझ्यावानी 'काहून जी' म्हणतात." मग तो म्हणाला, "सुट्टी लागली तं त्यातला एक झाडावर चढून बसला होता. मास्तर जाऊन राहिला, खाली येत नाही म्हणे."

हे सांगताना तो हसत नव्हता. रागिणीने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. उन्हाने रापलेला चेहरा, कपाळावर पाण्याचे थेंब, आणि समोर बघत असूनही दूर कुठेतरी गेलेली नजर. आपण फार वेळ बघतोय हे जाणवून तिने बादली उचलली. बादली रिकामी होती. रिकामीच बादली तिने एकदा इकडून तिकडे ठेवली.

"पाणी संपलं वाट्टे," ललित म्हणाला.

"हो."

"मंग आणू?"

"आणा ना... मी कुठे नाही म्हणाले."

बुद्ध पौर्णिमेला गल्लीतली सगळी माणसं पांढरे कपडे घालून विहारात गेली. वंदना झाली, खीर वाटली गेली. मावशी ओळखीच्या बायकांत रमली. रागिणी द्रोण हातात घेऊन बाहेरच्या कडुनिंबाखाली उभी होती. द्रोणातली खीर तशीच होती. आई दर वर्षी अमरावतीच्या विहारात खिरीचं काम अंगावर घ्यायची; पातेल्यातलं दूध ढवळता ढवळता तिचा पदर धुरकट व्हायचा, आणि घरी आली की दोन दिवस तिच्या अंगाला वेलदोड्याचा वास यायचा.

ललित जवळ येऊन उभा राहिला. "आवडली नाही?"

"आई करायची," ती म्हणाली. एवढं बोलली आणि मग थांबताच येईना. तो चहाचा हात, ती मीटिंग, वडिलांचा मुका टीव्ही... सगळं सांगितलं. डोळे पुसले नाहीत, खाली मान घातली नाही. तो ऐकत होता. धीर धर, वेळ जाऊ दे, असलं काही म्हणाला नाही.

"काय म्हणून हाक मारे आई तुले?" शेवटी त्याने विचारलं. तुम्हीचं तू झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"रागू."

त्याने मान हलवली. पुढे कधीच त्याने तिला त्या नावाने हाक मारली नाही. ते नाव आईचं होतं, आणि त्याने ते आईकडेच राहू दिलं. रागिणीच्या हे फार दिवसांनी लक्षात आलं. ज्या दिवशी आलं, त्या दिवशी आपल्याला हा माणूस हवा आहे, असं तिने स्वतःशी पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं.

मे महिना त्या दोघांनी असाच घालवला. बाजारातून लोणच्याच्या कैऱ्या आणल्या, त्या ललितने अडकित्त्याने फोडल्या आणि रागिणीने मीठ चोळलं. मनकर्णा काकूंनी आमरस आणि काडीवर वळलेल्या सरगुंड्यांचं जेवण घातलं आणि वाढताना, "ह्या पोराले बोलतं कसं केलं तुनं, माय?" असं विचारून रागिणीला लाजवलं. तशा काकू कमी बोलणाऱ्या, पण त्यांचं लक्ष सगळीकडे असायचं. एकदा दुपारी रागिणी कूलरसमोर बसून केस वाळवत होती. ललित आईसाठी बर्फ मागायला आला आणि दारातच अडखळला. बर्फ घेऊन गेला, पाच मिनिटांनी परत आला. "काय राहिलं?" मावशीने विचारलं. "बर्फच..." तो म्हणाला. हातातली पिशवी गळत होती. त्या दिवशी मावशीच्या भाजीत मीठ जास्त पडलं.

पण उन्हाळा कुणासाठी थांबत नाही. मृग लागून गेला, आभाळ भरून यायचं आणि वाऱ्याने तसंच निघून जायचं. कुरड्यांचे डबे भरून फळीवर गेले. आंब्याच्या पाट्या संपल्या. गच्चीवर पाणी मारायची गरज उरली नाही, तरी दोघं संध्याकाळी वर येत राहिले, हातात बादली नसताना. कंपनीकडून मेल आला: पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं. ललितची शाळाही त्याच सोमवारी उघडत होती.

रागिणीने मेल वाचला आणि तिला ती खोली डोळ्यांसमोर आली. भिंतीला लावलेलं टेबल, खुर्ची, कानांवर बसणारे हेडफोन. काम वाईट नव्हतं. ते तिला येत होतं, आवडतही होतं. भीती कामाची नव्हती. लॅपटॉपचं झाकण लावल्यानंतर घरात जी शांतता होते, तिची होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ललित कठड्याला टेकून उभा होता. बराच वेळ तो नदीकडच्या घरांची कौलं बघत राहिला.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "यंदा माझी बदली होऊ शकते. चांदूर बाजारजवळ एक शाळा आहे. साहेबांनी विचारलं. दोन दिवसांत कळवा लागते."

"मग?"

"तिथून अमरावती जवळ आहे. रोज संध्याकाळी येता येईन."

"अमरावतीत काय आहे रोज येण्यासारखं?"

तो तिच्याकडे वळला. "तू विचारून राहिली हे?"

"हो. मला ऐकायचंय."

"तू आहेस," तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. "दुसरं काय असन... मले बोलता येत नाही चांगलं. पोरांसमोर येते, तुझ्यासमोर येत नाही. पण तुझ्याशिवाय आता मले करमणार नाही, हे खरं आहे."

खालच्या गल्लीत कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. रागिणीने कठड्यावर हात ठेवला होता. त्याचा हात शेजारी होता, पण त्याने तो तिच्या हातावर ठेवला नाही. तिने स्वतःच आपला हात सरकवला... बोटाला बोट लागेल एवढाच.

"हो म्हण," आतून कुणीतरी तिला सांगत होतं. "ये म्हण. रोज ये." किती सोपं होतं! संध्याकाळी सहा वाजता झाकण लावायचं आणि फाटकाचा आवाज ऐकायचा.

"आणि तिथली मुलं?" तिने विचारलं.

"दुसरा मास्तर येईन."

"कधी?"

"सांगता येत नाही. माझ्या आधी अर्धं वर्ष शाळा बंदच होती."

रागिणीने त्याच्याकडे सरळ बघितलं. मग म्हणाली, "यंदा नको घेऊ बदली."

"काहून?" त्याचा चेहरा उतरला. "तुले नको आहे का मी..."

"ऐक ना आधी. मला तूच हवा आहेस. पण तू रोज संध्याकाळी येशील आणि तुझा अर्धा जीव त्या झाडावर चढलेल्या पोराजवळ असेल. बाबा आणि मी, आम्ही घरात अर्धेअर्धेच राहतो, ललित. त्यात आणखी एक अर्धा माणूस नको. तू अख्खा ये. तिथे दुसरं कुणी उभं राहिलं, की मग ये. मी थांबते."

"आणि लवकर कोणी नाही आलं तं?"

"तर मी येईन तिकडे, सुट्टीच्या दिवशी. नाला ओलांडता येतो ना?"

"पावसात नाही येत."

"मग पाऊस ओसरल्यावर येईन."

त्याने तिचा हात हातात घेतला. घट्ट नाही, पण सोडलाही नाही. अंधार पडेपर्यंत दोघं काहीच बोलले नाहीत. त्या गप्प बसण्यात दुःख होतंच, पण रागिणीला अमरावतीच्या घरातल्या शांततेसारखं ते वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच एसटीने निघाले. मावशीने रागिणीला कवटाळलं. मनकर्णा काकूंनी मुलाच्या हातात डबा दिला आणि रागिणीच्या हातात त्याहून मोठा. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा ललितने खिडकीतून दोन चहा घेतले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नांगरून ठेवलेली काळी शेतं, पेरणीची वाट बघत पडलेली. बडनेरा गेलं, तसं त्याचं बोलणं कमी झालं.

"बुधवारी बाजाराच्या गावाले येतो मी," तो म्हणाला. "तिथं एक टेकडी आहे, तिच्यावर फोन लागते. तवा करीन. त्याच्या आधी नाही जमत."

"बुधवारी," ती म्हणाली.

अमरावतीच्या स्टँडवर परतवाड्याची गाडी उभीच होती. निरोपाला वेळच मिळाला नाही. कंडक्टरने घंटी मारली, ललित चढला, दारातून वळून काहीतरी बोलला... इंजिनाच्या आवाजात ते तिला ऐकू आलं नाही. तिने तरीही मान हलवली.

रविवारची संध्याकाळ तिने ती मागची खोली झाडण्यात घालवली. टेबलावर धूळ बसली होती. ती पुसता पुसता तिला वाटलं, उन्हाळ्याने आपल्याला काय दिलं? आई परत मिळाली नाही. घर होतं तसंच आहे. काम होतं तसंच आहे. मग आत काय बदललं?... आपण कुणाची तरी वाट बघतोय, एवढंच. इतके महिने ती फक्त गेलेल्या माणसाकडे बघत होती.

रात्रीच्या जेवणाला तिने वडिलांना वाढलं आणि समोर बसून म्हणाली, "बाबा, मला एक मुलगा आवडतो."

धर्मपालांचा घास हातातच राहिला. "कोणाचा?"

"मावशीच्या शेजारच्या मनकर्णा काकूंचा. ललित. शिक्षक आहे, मेळघाटात."

"तिथं तुझं इंटरनेट चालन?"

"नाही."

"मंग?"

"तेच तर अजून माहीत नाही, बाबा. त्याने यंदा बदली घेऊ नये असं मीच सांगितलं."

वडील जेवत राहिले. भाकरी संपली, ताक संपलं. ते उठून जातील आणि टीव्हीसमोर बसतील, असं तिला वाटलं. पण ते बसूनच राहिले.

"मी तरणा होतो तवा तिकडं खांब गाडायले गेलो होतो," ते म्हणाले. कित्येक महिन्यांत ते इतकं लांब वाक्य बोलले नव्हते. "खडक लागला का दिवसचा दिवस एकाच खड्ड्यात जाये. रात्री अंगणात झोपत होतो आमी. माणसं चांगली हायत तिकडली." मग ताट सरकवत, "तुझी आई असती तं आतापावेतो अकोल्याले जाऊन आली असती."

रागिणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उद्या तू तुझ्या कामावर बस," ते हात धुवायला उठत म्हणाले. "मी सकाळच्या गाडीनं अकोल्याले जातो. त्या बाईले भेटून येतो."

"बाबा, अहो पण ललितला अजून काहीच माहीत नाही..."

"त्याले फोन लागते का?"

"बुधवारी."

"मंग त्याले बुधवारी सांग."

सोमवारी सकाळी तिने लॅपटॉप उघडला. सगळ्यांनी रजा कशी गेली विचारलं. तिने सांगितलं, "माझी आई जानेवारीत गेली. मला तेव्हा सांगता आलं नाही." पलीकडे एकेक जण हळू आवाजात बोलला. त्यानंतर काम सुरू झालं. संध्याकाळी वडील अकोल्याहून परत आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "बाई समजदार आहे. चहा चांगला पाजला," आणि पहिल्यांदाच टीव्हीचा आवाज सुरू केला.

बुधवारी दुपारी मीटिंग ऐन रंगात असताना फोन वाजला. अनोळखी नंबर. रागिणीने कानांवरचे हेडफोन काढले, सगळ्यांसमोर "एक मिनिट" म्हणाली आणि खिडकीपाशी गेली.

"रागिणी... आवाज येऊन राहिला का?" मागे टेकडीखालच्या बाजाराचा गलका होता, कोंबड्या, भोंगा, कुणाचं तरी हसणं. "दुसऱ्याचा फोन आहे. माझा पाण्यात पडला."

"येतोय. ऐक, बाबा अकोल्याला जाऊन आले. तुझ्या आईला भेटले."

पलीकडे कुणीतरी भाव ओरडत होतं.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"दोघंही लग्नाला हो म्हणाले. आता तुझंच विचारायचं राहिलंय."

पुन्हा तोच गलका. वारा. तिला वाटलं, फोन तुटला.

"ललित?"

"आहो मी," तो म्हणाला. "उभा आहो. थोडं बी हललो तं फोन जाते इथून... म्हणून हललो नाही."

"मग नको हलू," रागिणी म्हणाली. "बोल."